फलकावरचा आकडा आणि वस्तीतली मुले : जळगाव-धुळ्यातील शाळांची शिष्यवृत्ती परीक्षांवरून तुलना कशी करावी

निकालाचा हंगाम आला की जळगावच्या टॉवर चौकात, धुळ्याच्या पाचकंदीलला, चाळीसगाव-अमळनेर-शिरपूरच्या बसस्टँडबाहेर शाळांचे फलक लागतात. वर संस्थाध्यक्षांचा मोठा फोटो, खाली मुलांचे पासपोर्ट फोटो आणि ठळक अक्षरांत ओळ : 'आमच्या शाळेचे इतके विद्यार्थी शिष्यवृत्तीधारक'. जूनमध्ये वस्तीतले आईवडील याच फलकावर बोट ठेवून आम्हाला विचारतात, "भाऊ, पोराला कोणत्या शाळेत टाकू? या शाळेचे एवढे लागले, त्या शाळेचे तर दोनच."

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर फलकावर नसते. फलकावर फक्त एक आकडा असतो आणि तो कोणत्या परीक्षेचा, किती मुलांमधून आलेला, कोणत्या मुलांना मुळात बसूच न देता मिळवलेला, हे तिथे लिहिलेले नसते. समाजातल्या तरुण कार्यकर्त्यांनी, अभ्यासिका चालवणाऱ्यांनी, विहारात शिकवणी घेणाऱ्यांनी हा आकडा स्वतः तपासता यावा म्हणून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

आधी विचारा : कोणती शिष्यवृत्ती?

'शिष्यवृत्ती' या एका शब्दाखाली वेगवेगळ्या परीक्षा खपवल्या जातात.

पहिली, राज्याची जुनी शिष्यवृत्ती परीक्षा. ही १९५४-५५ पासून चालू आहे. पूर्वी ती चौथी आणि सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला आणि २०२५-२६ हे वर्ष दोन्ही पद्धतींचे संक्रमणाचे ठरवले. म्हणून येत्या दोन-तीन वर्षांत शाळा 'आमचे शिष्यवृत्तीधारक वाढले' असे म्हणतील तेव्हा कोणत्या इयत्तांची बेरीज केली आहे, हे आवर्जून विचारा. या परीक्षेत १५० गुणांचे दोन पेपर असतात : पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ४० टक्के मिळाले तर मुलगा 'पात्र', पण शिष्यवृत्ती फक्त गुणवत्ता यादीत आलेल्यांना. 'पात्र' आणि 'शिष्यवृत्तीधारक' यांत फार मोठे अंतर आहे आणि फलकावर ते अंतर हमखास पुसले जाते. आठवीची रक्कम २०२३ मध्ये वाढून वर्षाला ७,५०० रुपये झाली. त्याआधी ती इतकी किरकोळ होती की त्यात वर्षाच्या वह्यासुद्धा आल्या नसत्या.

दुसरी, एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना परीक्षा. केंद्राची ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. परीक्षा आठवीत, पैसे नववी ते बारावी. सुरुवातीला महिन्याला ५०० रुपये होते, एप्रिल २०१७ पासून १,००० रुपये. म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. आपल्या वस्तीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची परीक्षा हीच. या लेखातले बरेचसे याच परीक्षेबद्दल आहे.

तिसरी, एनटीएस, म्हणजे एनसीईआरटीची राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा. १९६३ पासून चाललेली दहावीची ही मानाची परीक्षा २०२१ नंतर थांबली आहे. कुणी अजूनही जुन्या एनटीएस यशाची जाहिरात करत असेल तर तो इतिहास आहे, आजच्या शाळेचा दर्जा नव्हे.

एनएमएमएसचे नियम, जे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवेत

देशात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या, त्यांतल्या महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, साधारण डिसेंबरात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर : बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी. दुसऱ्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. दोन्ही मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुणांना उत्तीर्ण. अनुसूचित जाती-जमातीसाठी ही अट ३२ टक्क्यांची, म्हणजे ५८ गुणांची.

शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या नियमित मुलांनाच बसता येते. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि सैनिकी शाळा यांतल्या मुलांना बसता येत नाही. तुलनेच्या कामात पहिली फसगत इथेच होते. भुसावळजवळच्या साकेगावचे नवोदय विद्यालय एनएमएमएसच्या यादीत शोधाल तर सापडणार नाही, आणि त्यावरून नवोदय कमी ठरत नाही. शहरातली महागडी इंग्रजी शाळा या यादीत नसते ती तिथली मुले हुशार नाहीत म्हणून नव्हे. तिथे बहुतेकदा ती शाळाच विनाअनुदानित असते. तशा शाळा राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत दिसतील. म्हणून दोन वेगळ्या यादींतल्या दोन शाळा एकमेकींसमोर उभ्या करू नका.

या नियमाची दुसरी बाजू आपल्या घरापर्यंत येते. राज्य शासनाच्या निवासी शाळा, जिथे राहणे, जेवण आणि शिक्षण तिन्ही शासन देते, त्यांतली मुले या योजनेतून वगळलेली आहेत. त्यात समाजकल्याणच्या 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' मुलामुलींच्या निवासी शाळा आल्या. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्रीच्या सातपुडा-सह्याद्री पट्ट्यातल्या शासकीय आश्रमशाळाही आल्या. परिषदेच्या सूचनेतली अपात्रांची यादी तर त्याहून पुढे जाते : शासकीय वसतिगृहाच्या सवलतीचा आणि भोजनव्यवस्थेचा लाभ घेणारे विद्यार्थीही तीत आहेत. म्हणजे गावाकडून तालुक्याला आलेला, वसतिगृहात राहून अनुदानित शाळेत जाणारा आपला मुलगा या अटीवर बाहेर पडतो. शासनाचा युक्तिवाद असा की या मुलांचा खर्च आधीच होतो आहे. आम्हाला तो पटत नाही. वसतिगृह दहावीला सुटले आणि अकरावीला प्रवेश मिळाला नाही, तर त्या मुलाजवळ ना वसतिगृह उरते ना शिष्यवृत्ती. पण तुलनेपुरते एवढे लक्षात ठेवा, की निवासी शाळेचा शून्य हा नियमाचा शून्य आहे, शिक्षकांचा किंवा मुलांचा नव्हे. 'आपल्या मुलांच्या शाळेचा एकही लागत नाही' असे चौकात बोलणाऱ्यांना हे सांगायलाच हवे.

धुळ्याचे ९० आणि जळगावचे ९०

एनएमएमएसची निवड राज्यभराच्या एका यादीतून होत नाही. प्रत्येक जिल्ह्याला कोटा असतो. तो सातवी-आठवीतली विद्यार्थीसंख्या आणि १२ ते १४ वयोगटातल्या मुलांची संख्या यांवरून ठरतो, आणि त्या कोट्यात पुन्हा प्रवर्गनिहाय आरक्षण लागते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२ लाखांचा, १५ तालुक्यांचा. धुळे साडेवीस लाखांचा, चार तालुक्यांचा. म्हणजे साहजिकच जळगावला जागा जास्त. धुळ्यात आदिवासींचे प्रमाण तीसेक टक्के, जळगावात त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे प्रत्येक प्रवर्गाची शेवटची निवड किती गुणांवर थांबते, हे दोन्ही जिल्ह्यांत वेगळे असते आणि दरवर्षी बदलते.

पारोळ्याचा मुलगा आणि शेजारच्या धुळे तालुक्यातला मुलगा दोघांनाही ९० गुण पडले, तर एक निवडला जाऊ शकतो आणि दुसरा नाही. म्हणून जिल्हा ओलांडून शाळांची तुलना करायची तर 'निवड' मोजू नका, गुण मोजा. जिल्ह्याच्या आत करायची असेल तर निवड मोजा, पण प्रवर्ग वेगळे करून.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत १९५५ पासून 'नॅशनल मेरिट' नावाची शिष्यवृत्ती आहे. अकरावीतली मुले एक प्रमाणित चाचणी देतात, त्यांतून सुमारे १६,००० उपांत्य फेरीत येतात आणि तिथल्या हायस्कूल आपल्या गावात या संख्येवरूनच एकमेकींशी स्पर्धा करतात. तिथेही जागा राज्यवार वाटलेल्या असतात, त्यामुळे एका राज्यात पुरणारे गुण शेजारच्या राज्यात पुरत नाहीत. १९६४ मध्ये त्याच संस्थेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी 'नॅशनल अचीव्हमेंट' ही वेगळी शिष्यवृत्ती सुरू केली. ती २०१५ पर्यंत चालली, मग बंद झाली. कुणाला पुढच्या विहार-व्याख्यानासाठी विषय हवा असेल तर हा घ्यावा.

भागायचे कशाने?

समजा, तालुक्याच्या गावी एक मोठे हायस्कूल आहे. आठवीत ३२० मुले. परीक्षेला बसवली ६०, निवडली गेली १५. दुसरी शाळा खेड्यातली, आठवीत ४२ मुले, बसली ३८, निवडली ६.

फलकावर १५ विरुद्ध ६. मोठी शाळा जिंकली.

बसलेल्यांमधून काढा : मोठी शाळा २५ टक्के, खेड्यातली सुमारे १६ टक्के. पुन्हा मोठीच पुढे, आणि बहुतेक मुख्याध्यापक हीच टक्केवारी पालकसभेत सांगतात. आता आठवीच्या एकूण पटाने भागा. मोठी शाळा ४.७ टक्के, खेड्यातली १४.३ टक्के. चित्र उलटले. मोठ्या शाळेने ३२० मधली ६० निवडून, त्यांचा जादा तास घेऊन, उरलेल्या २६० मुलांना परीक्षेची तारीखसुद्धा कळू दिली नाही. खेड्यातल्या शाळेने जवळजवळ सगळा वर्ग बसवला. म्हणून तिची टक्केवारी पडली, पण मुले जास्त उभी राहिली.

यावर मोठ्या शाळेचे उत्तर ठरलेले असते : सगळे पात्र नसतात. कुणाचे उत्पन्न जास्त असते, कुणाला सातवीत ५५ टक्के नसतात. ते खरेच आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या शाळेत साडेतीन लाखांची अट निम्मा वर्ग बाहेर काढू शकते. मग पट नको, पात्र मुलांची संख्या द्या म्हणावे. ती संख्या शाळेकडे असतेच, कारण सातवीचा निकाल शाळेनेच लावलेला असतो.

आणि त्यानंतरचा प्रश्न, जो आपल्यावाचून दुसरा कुणी विचारणार नाही : पात्र मुलांपैकी अनुसूचित जातीची किती, आणि त्यांतली बसवली किती? आमच्या अनुभवात तफावत निकालापेक्षा इथे जास्त असते. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीनंतर, आईबरोबर शेतात जाणारी मुलगी वर्गशिक्षकांच्या 'होतकरू' यादीत येत नाही. जादा तास सकाळी सातला असतो आणि पहिली एसटी आठला. कुणी 'नको' म्हटलेले नसते. तिला विचारलेलेच नसते.

आणखी दोन सावधगिरी. लहान शाळेत एका वर्षी सहा आणि पुढच्या वर्षी एक असे सहज होते, म्हणून किमान तीन वर्षांची बेरीज घ्या. आणि एकच मुलगा शाळेच्या, खासगी क्लासच्या आणि संस्थेच्या अशा तिन्ही फलकांवर असतो. संस्थेच्या फलकावर पाच शाळांची बेरीज असते, नाव मात्र एकीचे मोठे.

धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती : दोन रकाने

हा भाग प्रत्येक पालकाने वाचावा. अर्जात धर्म आणि प्रवर्ग हे दोन वेगळे रकाने आहेत. महाराष्ट्रात राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या. केंद्राच्या पातळीवर त्यासाठी १९९० ची घटना (अनुसूचित जाती) आदेश दुरुस्ती व्हावी लागली. एनएमएमएस केंद्राची योजना आहे, आणि १९९० पासून बौद्ध असणे आणि अनुसूचित जातीत असणे यांत कायद्याने कोणताही विरोध उरलेला नाही. बौद्ध हे राष्ट्रीय अल्पसंख्याकही आहेत, पण अल्पसंख्याक म्हणून झालेली नोंद अनुसूचित जातीच्या नोंदीची जागा घेत नाही.

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाच्या अर्जात धर्म 'बौद्ध' आणि प्रवर्ग 'खुला' पडला होता. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण असे अनेक शाळांत होते. अर्ज भरणाऱ्याने दाखल्यावर 'बौद्ध' वाचले आणि पुढे जातीचा उल्लेख न दिसल्याने खुला प्रवर्ग टिचकला. त्याचा परिणाम मोजून बघा. सातवीची अट ५० ऐवजी ५५, उत्तीर्ण होण्याची अट ५८ ऐवजी ७२, आणि स्पर्धा चुकीच्या यादीत. तो मुलगा ६६ गुणांवर नापास ठरला. योग्य प्रवर्गात तो उत्तीर्ण असता. निवड झाली असती की नाही ते कोट्यावर, पण यादीच्या दारातून तरी आत गेला असता.

म्हणून अर्ज भरताना मुलासोबत बसा. शाळेच्या लॉगिनमधून अर्ज जाण्याआधी छापील प्रत मागा आणि प्रवर्गाचा रकाना स्वतः वाचा. जातीचा दाखला नसेल तर आठवीच्या जून-जुलैत सेतू केंद्रात अर्ज टाका. नोव्हेंबरात धावाधाव करून काही होत नाही. धर्माच्या रकान्यात मात्र बौद्धच लिहा. सवलत जाईल या भीतीने तिथे दुसरे काही लिहिण्याचे कारण १९९० ला संपले.

निवड झाली म्हणजे पैसे आले नव्हेत

फलक लागतो निवडीच्या दिवशी. त्यानंतरची चार वर्षे कुणी फलक लावत नाही.

निवड झालेल्या मुलाने नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. तो आधी शाळा पडताळते, मग जिल्हा. दोन्ही पडताळण्या मुदतीत झाल्या तरच पैसे थेट खात्यात येतात. दहावी, अकरावी, बारावी, प्रत्येक वर्षी नूतनीकरण. दहावीत ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५५. दहावीनंतर मुलगा दुसऱ्या कनिष्ठ महाविद्यालयात गेला की जुनी शाळा म्हणते आमचा नाही, नवे कॉलेज म्हणते आम्हाला माहीत नाही. आधारवरचे नाव आणि परीक्षेच्या यादीतले नाव यांत वडिलांच्या नावाचे एक अक्षर कमी-जास्त असले तरी अर्ज अडतो.

त्यामुळे शाळांची खरी तुलना करायची तर तीन वर्षांपूर्वी निवडलेल्यांपैकी आज बारावीत किती जणांना पैसे मिळत आहेत, हा आकडा घ्या. ज्या शाळेत एक शिक्षक किंवा लिपिक हे काम मनावर घेतो, तिथे हा आकडा चांगला असतो. आमच्या मते हीच शाळेची कसोटी आहे, बौद्धिक चाचणीचे गुण नव्हेत. बाबासाहेबांच्या बाबतीतही बडोद्याच्या महाराजांनी मंजूर केलेले महिना २५ रुपये एल्फिन्स्टन कॉलेजात दर महिन्याला पोचले, म्हणून शिक्षण पुढे गेले. त्यांनी स्वतः १९४२ मध्ये व्हाइसरॉयला निवेदन दिले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपले कार्यकर्ते त्याच शिष्यवृत्तीच्या थकबाकीसाठी समाजकल्याण कार्यालयासमोर बसतात. मंजुरी आणि पोचवणूक यांतले अंतर आपल्याला नवे नाही.

मराठा-कुणबी समाजाच्या ज्या मुलांची एनएमएमएस उत्तीर्ण होऊनही कोट्यामुळे निवड होत नाही, त्यांना सारथी संस्था छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्तीतून वर्षाला ९,६०० रुपये देते. चांगली योजना आहे. उत्तीर्ण होऊन कोट्याबाहेर राहिलेल्या आपल्या मुलांची यादी घेऊन बार्टीच्या दारी जाण्यासाठी हा दाखला उपयोगी आहे. पण त्यासाठी आधी यादी हवी.

माहिती कुठून काढायची

निकाल आणि जिल्हानिहाय निवडयादी परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर येते. शाळेचा इयत्तावार पट यूडायस प्लसवर मिळतो. पात्र किती, बसवले किती, प्रवर्गनिहाय किती आणि नूतनीकरण किती, हे माहिती अधिकारातून मागावे लागेल. अर्ज जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून भाषण लिहू नका. ३० दिवसांत उत्तर हवे.

मजकूर एवढा पुरतो : 'गेल्या तीन शैक्षणिक वर्षांत अमुक तालुक्यातील प्रत्येक अनुदानित माध्यमिक शाळेतील आठवीची प्रवर्गनिहाय पटसंख्या, एनएमएमएस परीक्षेस प्रविष्ट, उत्तीर्ण व निवड झालेल्या विद्यार्थ्यांची प्रवर्गनिहाय संख्या, आणि निवड झालेल्यांपैकी नूतनीकरण पडताळणी झालेल्यांची वर्षनिहाय संख्या द्यावी.' मुलांची नावे मागू नका. आलेली माहिती व्हॉट्सअॅपवर टाकताना कोणत्याही मुलाचे नाव, गुण आणि जात एकत्र जाऊ देऊ नका. आपल्याला शाळा मोजायच्या आहेत, लेकरे नाहीत.

काम वाटून घेतले तर धुळ्याचे चार तालुके चार कार्यकर्त्यांचे काम आहे, जळगावचे पंधरा तालुके पंधरा जणांचे. अर्ज एप्रिलअखेर टाकले तर उत्तरे जूनपर्यंत हातात येतात. ३१ जुलैला, १९३७ मध्ये बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी होते त्या आठवणीला, दोन्ही जिल्ह्यांतून लोक तिथे जमतात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल टाकून तालुकावार तक्ते तिथे मांडता येतील. आठवीत गेलेल्या मुलांचे आईवडील त्या गर्दीत असतातच, आणि जातीचा दाखला काढायला तेव्हा अजून वेळ असतो.